एजन्सी बदलावी की रिक्रूटर? कोलंबसमधल्या एका ट्रॅव्हल नर्सचं प्रकरण

जूनचा दुसरा आठवडा, ओहायोतलं कोलंबस. टेलिमेट्री वॉर्डात (जिथे हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राने सतत नजर ठेवतात) नाईट करणाऱ्या एका सिस्टरांपुढे दोन प्रस्ताव आहेत. त्या ट्रॅव्हल नर्स आहेत, म्हणजे एजन्सीमार्फत काही आठवड्यांच्या करारावर वेगवेगळ्या रुग्णालयांत काम करतात; एजन्सीतला जो माणूस त्यांना जागा बघून देतो तो रिक्रूटर. सध्याच्या एजन्सीने त्याच रुग्णालयात आणखी १३ आठवड्यांचं एक्स्टेन्शन देऊ केलंय, आठवड्याला २,०४० डॉलर. दुसऱ्या एजन्सीच्या रिक्रूटरने त्याच शहरातल्या वेगळ्या रुग्णालयाची जागा दाखवलीय, आठवड्याला २,२५० डॉलर. शिवाय सध्याच्या एजन्सीवर सिस्टरांचा राग आहे, आणि त्या रागाला कारणंही आहेत. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

हे प्रकरण नमुन्याचं आहे. यातले प्रसंग या व्यवसायात नेहमी घडतात, पण ते कुणा एका व्यक्तीचे नाहीत, आणि दोन्ही एजन्सींचे आकडे व अटी हिशोब दिसावा म्हणून घेतलेल्या आहेत. कायदे आणि कराचे नियम मात्र खरे आहेत.

सिस्टर मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्या, एनसीएलईएक्स ही अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा देऊन ईबी-३ या नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डावर टेक्सासला आल्या. ज्या कंपनीने आणलं तिचा तीन वर्षांचा करार ह्यूस्टनमध्ये पूर्ण केला आणि मगच ट्रॅव्हल सुरू केलं. हे आधी सांगायचं कारण असं की, ज्यांचा आणणाऱ्या कंपनीबरोबरचा करार अजून चालू आहे त्यांना पुढचं काहीच लागू नाही. तिथे मधेच सोडण्याच्या रकमेचा प्रश्न असतो, आणि तो करार वकिलाला दाखवूनच सोडवावा. सिस्टरांचं लायसन्स टेक्सासचं मल्टिस्टेट आहे. नर्स लायसन्शर कॉम्पॅक्ट या, एकमेकांची मल्टिस्टेट लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात ४० पेक्षा जास्त राज्यं आहेत आणि ओहायो १ जानेवारी २०२३ पासून त्यात आहे, त्यामुळे कोलंबसला वेगळं लायसन्स लागलं नाही. कोलंबसमध्ये त्यांचे १३ आठवडे पुरे झालेत आणि दुसऱ्या १३ पैकी नववा चालू आहे.

तक्रारी चार, पण दोषी एकच नाही

एजन्सी बदलायचा विचार बहुतेक वेळा साचलेल्या रागातून येतो, आणि त्या रागात सगळ्या तक्रारी एकाच्याच माथी जातात. म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक तक्रार कागदावर उतरवून तिच्यापुढे कारण लिहायचं: रिक्रूटर, एजन्सी, रुग्णालय की आपण सही केलेला करार. हे न करता एजन्सी बदलली तर त्यातल्या निम्म्या तक्रारी नव्या एजन्सीतही आपल्या मागे येतात.

पहिली तक्रार पाचव्या आठवड्याच्या पगाराची. रुग्णालयाने एक शिफ्ट रद्द केली आणि पगार ६८० डॉलरने कमी आला. सिस्टरांची समजूत अशी होती की तासांचे पैसे जातील, पण घरभाड्याचा स्टायपेंड (करमुक्त भत्ता) पूर्ण मिळेल, कारण भाडं तर पूर्णच भरावं लागतं. त्यांचं पॅकेज असं आहे: ३६ तास, तासाला करपात्र २४ डॉलर म्हणजे ८६४, घराचे ७७०, जेवणाचे ४०६, एकूण २,०४०. करारात लिहिलंय की काम न केलेल्या तासांच्या प्रमाणात स्टायपेंड कापला जाईल. १,१७६ च्या स्टायपेंडला ३६ ने भागलं की तासाला ३२ डॉलर ६७ सेंट येतात, १२ तासांचे ३९२, त्यात पगाराचे २८८. बरोबर ६८०. पेस्लिपमध्ये चूक नाही. करार रुग्णालयाला १३ आठवड्यांत ३ शिफ्ट बिनपगारी रद्द करू देतो आणि ही पहिलीच होती. म्हणजे दोष कराराचा. हे कलम पुढच्या करारातही तसंच राहिलं, तर एजन्सी कुठलीही असो, हेच होणार.

दुसरी तक्रार मेमोरियल डेची. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी रात्री ७ ते सकाळी ७ ड्यूटी केली, पण हॉलिडे रेट शून्य तासांना मिळाला. सिस्टरांच्या हिशोबाने १२ तासांचे जास्तीचे १४४ डॉलर येणं होतं. प्रत्यक्षात करार म्हणतो, सुट्टीची व्याख्या रुग्णालयाची. आणि या रुग्णालयाची सुट्टी रविवारी रात्री ११ ला सुरू होऊन सोमवारी रात्री ११ ला संपते. म्हणजे सोमवारच्या नाईटमधले फक्त पहिले ४ तास सुट्टीचे, ४८ डॉलरचे. (नाईट करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: अशा व्याख्येत रविवारची नाईट घेतली असती तर ८ तास मिळाले असते.) रक्कम लहान आहे, पण ती देणं आहे, आणि दोन आठवडे तीन मेसेज पाठवूनही ती दुरुस्त झाली नाही. पेरोलने रुग्णालयाच्या टाइमकार्डवरचा हॉलिडे कोड वाचलाच नव्हता. हा दोष एजन्सीचा, आणि दुरुस्तीचा पाठपुरावा न केल्याचा दोष रिक्रूटरचा.

तिसरी तक्रार सगळ्यात जास्त खुपली. मंगळवारी संध्याकाळी सिस्टरांनी एका जागेसाठी आपली अर्जाची फाइल पाठवायला सांगितलं. गुरुवारी ती गेली, आणि जागा बुधवारीच बंद झाली होती. कारण स्किल्स चेकलिस्ट (कोणती कामं येतात याची यादी) वर्षापेक्षा जुनी होती आणि दोनपैकी एक रेफरन्स वर्षापूर्वीचा. हे महिनाभर आधी बघून सांगणं रिक्रूटरचं काम होतं. चांगल्या जागा काही तासांत भरतात, कारण रुग्णालय ठरावीक संख्येने अर्ज आले की यादी बंद करतं. इथे दोष सरळ रिक्रूटरचा. थोडा सिस्टरांचाही, कारण आपल्या कागदांच्या मुदती आपल्यालाच ठाऊक हव्यात.

चौथी तक्रार अशी की, दुसरी एजन्सी २१० डॉलर जास्त देते म्हणजे आपली एजन्सी लुटते. ही तक्रार जरा उलगडून बघायला हवी.

पैसा कुठून येतो आणि कुठे जातो

रुग्णालय एजन्सीला तासाचा एक दर देतं, त्याला बिल रेट म्हणतात. समजा तो ८० डॉलर आहे. बहुतेक मोठी रुग्णालयं एजन्सींशी थेट बोलत नाहीत. मधे एक व्यवस्थापन कंपनी असते, तिला एमएसपी म्हणतात, आणि ती आपला वाटा काढून घेते. ५ टक्के धरले तर ७६ उरले. सिस्टरांना सगळं मिळून तासाला ५६ डॉलर ६७ सेंट पडतात. उरलेल्या १९ डॉलर ३३ सेंटमधून एजन्सी मालकाच्या वाट्याचा ७.६५ टक्के पेरोल टॅक्स भरते, कामावरच्या इजेचा आणि व्यावसायिक चुकीचा विमा, आरोग्य विम्यातला आपला हिस्सा, तपासण्या, कंप्लायन्सचे (नर्सची कागदपत्रं पुरी आहेत ना हे बघणारे) लोक, रिक्रूटरचं कमिशन आणि स्वतःचा नफा काढते. या रकमेतून आठवड्याला ३०-४० डॉलर मागून मिळू शकतात. २१० मिळत नाहीत. एवढा फरक दिसला की तो सहसा बिल रेटचा असतो, म्हणजे रुग्णालयच वेगळा दर देत असतं.

म्हणून दुसऱ्या एजन्सीचा आकडा ऐकल्यावर पहिला प्रश्न आपल्या एजन्सीला विचारायचा: हीच जागा तुमच्याकडे आहे का, आणि असेल तर पूर्ण पॅकेज काय? सिस्टरांना उत्तर मिळालं की जागा आहे, पण उपपुरवठादार म्हणून, ती उशिरा उघडते आणि पॅकेज २,१३० चं आहे. दुसरी एजन्सी त्या रुग्णालयाची मुख्य पुरवठादार आहे. तिला जागा आधी दिसते आणि मधे आणखी एक वाटेकरी नाही. हा फरक खरा आहे आणि रिक्रूटर बदलून तो भरून निघत नाही. ज्या शहरांत किंवा रुग्णालयांत आपल्याला वारंवार जायचंय तिथली मुख्य पुरवठादार कोण, हे एजन्सी निवडताना बघण्याजोगं पहिलं कारण आहे. जाहिरातीतला साप्ताहिक आकडा हे शेवटचं.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. सिस्टरांच्या ओळखीच्या एका नर्सने सुचवलं की त्याच रुग्णालयात, त्याच वॉर्डात, दुसऱ्या एजन्सीमार्फत राहा. हे जवळजवळ कधीच होत नाही. ज्या एजन्सीने तुमची फाइल त्या रुग्णालयाला आधी पाठवली तिचा तुमच्यावर ठरावीक काळ हक्क राहतो, आणि हा काळ एमएसपीच्या नियमांत आणि तुमच्या करारात लिहिलेला असतो. दोन एजन्सींकडून एकाच जागेला फाइल गेली तर बरीच रुग्णालयं दोन्ही अर्ज बाद करतात.

२,२५० म्हणजे किती

दुसऱ्या एजन्सीचं पॅकेज फोडून मागितल्यावर असं आलं: तासाला करपात्र २० डॉलर, म्हणजे ७२०, घराचे १,०५४, जेवणाचे ४७६. एकूण २,२५०. करपात्र भाग सिस्टरांच्या सध्याच्या पगारापेक्षा कमी आणि स्टायपेंड जास्त, म्हणजे हातात येणारी रक्कम आणखी फुगते. दर आठवड्याला १४४ डॉलरवरचा कर वाचतो. १२ टक्क्यांच्या फेडरल टप्प्यात आणि ७.६५ टक्के पेरोल टॅक्स धरून तो सुमारे २८ डॉलर होतो, १३ आठवड्यांचे ३६४. पण करपात्र पगार कमी असला की सोशल सिक्युरिटीतली नोंद कमी होते, काम सुटल्यावरचा भत्ता कमी बसतो, इजा झाली तर भरपाई कमी पगारावर काढली जाऊ शकते आणि घरकर्ज देणारी बँक मुख्यतः तोच आकडा बघते. मुलांसाठी ह्यूस्टनमध्ये घर घ्यायचा विचार असेल तर तासाला २० डॉलर ही बचत महागात पडते.

ओव्हरटाइमचंही तसंच. दीडपट दर साधारणपणे करपात्र पगारावर लावतात. सिस्टर दर दोन आठवड्यांनी एक जास्तीची शिफ्ट करतात, १३ आठवड्यांत सहा. चौथ्या शिफ्टचे पहिले ४ तास ४० तासांच्या आत बसतात आणि उरलेले ८ ओव्हरटाइमचे. सध्याच्या एजन्सीत ४ तासांचे ९६ आणि ८ तासांचे ३६ डॉलरने २८८, एकूण ३८४. नवीन एजन्सीत ८० आणि २४०, एकूण ३२०. नेहमीच्या शिफ्टला स्टायपेंड धरून ६८० पडतात, म्हणजे जास्तीची दमणूक करून जवळपास अर्धेच पैसे. हे दोन्हीकडे आहे, नवीनकडे थोडं अधिक. २०२१ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने क्लार्क विरुद्ध एएमएन सर्व्हिसेस या खटल्यात असं ठरवलं की, भत्ता जर कामाच्या तासांना बांधलेला असेल आणि प्रत्यक्षात पगारासारखाच वागत असेल, तर ओव्हरटाइमचा दर काढताना तोही धरला पाहिजे. तो निकाल कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडच्या राज्यांत बंधनकारक आहे, ओहायोत नाही. पण करारावर सही करण्याआधी ओव्हरटाइमचा दर डॉलरमध्ये लिहून मागायला कुठलंही राज्य आड येत नाही.

आता १३ आठवड्यांचा ताळा. नवीन एजन्सीच्या बाजूला २१० गुणिले १३, म्हणजे २,७३० डॉलर. त्यातून एक्स्टेन्शन पूर्ण केल्यावर मिळणारा ५०० चा बोनस जाईल, उरले २,२३०. ओव्हरटाइममधला फरक ३८४, उरले १,८४६. विमा सध्याकडे आठवड्याला ४५, नवीनकडे ७८, पण तो सुरू व्हायलाच वेळ लागतो. सध्याकडे १३ आठवड्यांचे ५८५ गेले असते, नवीनकडे सात आठवड्यांचेच ५४६ जातील. हे ३९ मिळवून १,८८५.

इथपर्यंत बहुतेक जणी हिशोब करतात, आणि इथेच चुकतात. सध्याचा करार ११ जुलैला संपतो आणि एक्स्टेन्शन लगेच १३ ला सुरू होतं. नवीन रुग्णालयाचं ओरिएंटेशन २० जुलैला आहे. मधला एक आठवडा रिकामा, आणि त्या आठवड्याची किंमत २,०४० डॉलर. म्हणजे १,८८५ चा फायदा उणे १५५ झाला. कराचे ३६४ मिळवले तर २०९ डॉलर अधिक. तीन महिन्यांत २०९. आणि त्या रिकाम्या आठवड्यात कोलंबसच्या खोलीचं भाडं चालूच राहील. ज्यांना तेव्हा सुट्टी घ्यायचीच होती त्यांनी हा आठवडा खर्चात धरू नये. सिस्टरांना सुट्टी डिसेंबरात मिरजेला जाण्यासाठी हवी आहे, जुलैत नाही.

शिफ्ट रद्द होण्याची जोखीम यात अजून आलीच नाही. नवीन करारात रद्द करण्याला मर्यादाच लिहिलेली नाही. तिथे एक शिफ्ट गेली की ७५० जातात.

विम्याची पोकळी

सध्याचा विमा कराराच्या शेवटच्या दिवशी बंद होतो. नवीन एजन्सीचा विमा कामाचे ३० दिवस झाल्यानंतरच्या पहिल्या तारखेला, म्हणजे १ सप्टेंबरला सुरू होतो. मधे ५१ दिवस. सही करण्याच्या घाईत हा भाग कुणी बघत नाही, आणि आजारपण नेमकं अशाच वेळी येतं.

इथे कोब्रा या अमेरिकी कायद्याचा नियम कामी येतो. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाकडचं काम सुटलं की जुना विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला किमान ६० दिवस मिळतात, आणि निवडला तर तो पहिल्या दिवसापासून लागू होतो. म्हणजे ५१ दिवसांची पोकळी या ६० दिवसांत बसते. काही झालं नाही तर निवडायचाच नाही. झालं, तर निवडायचा आणि मागचे सगळे हप्ते भरायचे. महिना ६९० धरला तर दोन महिन्यांचे १,३८०. पहिल्या हप्त्याला निवडीपासून ४५ दिवस असतात. अडचण एकच: औषधाच्या दुकानात आणि दवाखान्यात तोवर विमा बंद दिसतो, आधी पैसे भरून नंतर परत मागावे लागतात. रोजच्या गोळ्या असतील तर विमा बंद होण्यापूर्वी ९० दिवसांच्या भरून घ्याव्यात. गरोदरपण किंवा चालू उपचार असतील तर या ६० दिवसांच्या सोयीवर विसंबूच नये. पहिल्या दिवसापासून विमा देणारी एजन्सी शोधावी.

एजन्सी बदलली तरी वर्षाचं घड्याळ थांबत नाही

स्टायपेंड करमुक्त राहतो तो टॅक्स होम, म्हणजे कराच्या दृष्टीने आपलं कायमचं ठिकाण, दुसरीकडे असेल तरच, आणि काम तात्पुरतं असेल तरच. सिस्टरांचं टॅक्स होम ह्यूस्टन आहे: दुसऱ्या एका सिस्टरांबरोबर भाड्याचा फ्लॅट, दरमहा खरोखर भरलेलं भाडं, गाडीची नोंदणी आणि लायसन्स तिथलं, दोन करारांच्या मधे तिथल्या जुन्या रुग्णालयात पीआरएन (गरजेपुरत्या) शिफ्ट. मिरजेचं घर यासाठी उपयोगी नाही. वर्षातून एकदा जाऊन येण्याच्या घराला टॅक्स होम म्हणून दाखवणं तपासणीत सहसा टिकत नाही, आणि मग सगळा स्टायपेंड करपात्र होतो. ‘आमच्या सगळ्या नर्सना स्टायपेंड करमुक्तच असतो’ असं म्हणणाऱ्या रिक्रूटरच्या शब्दावर कराचा निर्णय घेऊ नये. तपासणीची नोटीस नर्सच्या नावाने येते.

दुसरी अट एका वर्षाची. एकाच ठिकाणचं काम वर्षापेक्षा जास्त चालेल अशी वास्तव अपेक्षा निर्माण झाली की त्या दिवसापासून ते तात्पुरतं राहत नाही. इथे ठिकाण मोजतात, एजन्सी नव्हे, आणि रुग्णालयही नव्हे. कोलंबसमध्ये दुसरं रुग्णालय, दुसरी एजन्सी, दुसरी पेस्लिप असली तरी घड्याळ जानेवारीतच सुरू झालंय. सध्याचे २६ आठवडे, त्यात नवीन १३, म्हणजे ३९. त्यापुढे एक एक्स्टेन्शन घेतलं की ५२. सही करतानाच ‘आवडलं तर आणखी दोन करार इथेच करू’ असं ई-मेलमध्ये लिहिणं म्हणजे वर्षावर राहण्याचा इरादा स्वतःच नोंदवून ठेवणं.

यामुळे २,२५० ची ऑफर आणखी एका बाजूने कमी झाली. कोलंबसचे उरलेले आठवडे मर्यादित आहेत. नवीन एजन्सी करायची तर ती नव्या शहरासाठी करणं अधिक शहाणपणाचं.

काय ठरलं

रिक्रूटर आता बदलायचा. एजन्सी या करारापुरती ठेवायची, पण १३ ऐवजी ८ आठवड्यांसाठी, म्हणजे ५ सप्टेंबरपर्यंत. आणि दुसऱ्या एजन्सीची फाइल त्या काळात पूर्ण करून ठेवायची. अनेकांना वाटतं की एजन्सी सोडणं म्हणजे राजीनामा. तसं नसतं. ट्रॅव्हल नर्स एका वेळी दोन-तीन एजन्सींच्या यादीत असू शकते. करार संपला आणि पुढचा दुसरीकडे घेतला, एवढंच. चालू करार मधेच सोडणं मात्र वेगळी गोष्ट आहे. दंडापेक्षा वाईट म्हणजे रुग्णालय ‘पुन्हा घेऊ नये’ अशी नोंद करतं, आणि त्या रुग्णालय-समूहाची दारं सगळ्याच एजन्सींमार्फत बंद होतात. सिस्टरांचे चार आठवडे उरले होते, ते पुरे करायचेच होते.

रिक्रूटर बदलायची विनंती रिक्रूटरकडे करत नाहीत. ती त्याच्या मॅनेजरला ई-मेलने करतात, चार ओळींची, आरोप न करता. सिस्टरांच्या पत्राचा मजकूर असा होता: मेमोरियल डेच्या नाईटचे ४ तास हॉलिडे रेटने न मिळाल्याचं टाइमकार्ड सोबत जोडलंय, ४८ डॉलर येणं आहे, अमुक तारखांना तीन वेळा कळवलंय, मंगळवारी सांगितलेली फाइल गुरुवारी गेली, एजन्सीबरोबर काम करायला आवडेल, पण टेलिमेट्री आणि नाईट जागा बघणारा दुसरा रिक्रूटर हवा, एक्स्टेन्शनचा निर्णय शुक्रवारी द्यायचाय. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. रिक्रूटरचं आणि त्याच्या मॅनेजरचंही उत्पन्न नर्सच्या कामाच्या तासांवर असतं, त्यामुळे एक्स्टेन्शनच्या सहीआधी तुमच्या पत्राला जेवढं वजन आहे तेवढं सहीनंतर उरत नाही. तक्रारी साचवून ठेवून सही झाल्यावर पाठवणं ही या व्यवसायातली सगळ्यात सर्रास चूक आहे.

नव्या रिक्रूटरकडे तीन गोष्टी करारात लिहून मागितल्या. रद्द शिफ्टची मर्यादा ८ आठवड्यांत एक. ओव्हरटाइमचा दर दीडपटीऐवजी सरळ ५२ डॉलर. सुट्टीचे तास रुग्णालयाच्या व्याख्येसह, वेळ घालून. पहिली मागणी आढेवेढे घेऊन मान्य झाली, आणि तिचा अर्थ नीट समजून घ्यावा: रुग्णालय पूर्वीइतक्याच शिफ्ट रद्द करू शकेल, पण दुसरीपासून पुढचा तोटा एजन्सी सोसेल. ओव्हरटाइम ५२ ऐवजी ४६ वर थांबला. तिसरीला काहीच खर्च नसल्याने ती लगेच मिळाली. बोनस आठवड्यांच्या प्रमाणात ३०० झाला. ४८ डॉलर पुढच्या पगारात आले. फोनवर मान्य केलेलं एकही कलम सिस्टरांनी धरून चाललं नाही. सुधारित करार हातात आल्यावरच सही केली.

एक गोष्ट बिघडली. दुसऱ्या एजन्सीच्या रिक्रूटरला ‘सप्टेंबरसाठी बघते’ एवढंच सांगितलं होतं, आणि त्याने न विचारता सिनसिनाटीतल्या एका रुग्णालयाला फाइल पाठवून दिली. आता त्या रुग्णालयासाठी सिस्टर त्याच्या एजन्सीला बांधल्या गेल्या, दुसरीकडून तिथे चांगला दर आला तरी. उपाय वेळीच करायला हवा होता: पहिल्याच ई-मेलमध्ये लिहायचं की प्रत्येक जागेसाठी, रुग्णालयाचं नाव आणि पूर्ण पॅकेज लेखी सांगून, माझा लेखी होकार आल्याशिवाय फाइल पाठवू नये. घडल्यावर सिस्टरांनी त्याच दिवशी फाइल मागे घ्यायला लेखी सांगितलं. ती काढली गेली, पण एमएसपीच्या प्रणालीत पहिल्या अर्जाची नोंद राहिली. नव्या एजन्सीविषयी यातून जे कळलं ते २१० डॉलरपेक्षा मोलाचं आहे, आणि सप्टेंबरचा निर्णय घेताना ते तराजूत टाकावंच लागेल.

ऑगस्टचं काम कागदांचं. कंप्लायन्सचे कागद एजन्सी तयार करून घेते, बऱ्याचदा खर्चही तीच करते, पण त्यांची प्रत आपल्याजवळ नसेल तर नव्या एजन्सीत सगळं पुन्हा करण्यात दोन-तीन आठवडे जातात. म्हणून एजन्सीबरोबरचे संबंध चांगले असतानाच प्रती मागून घ्याव्यात: एमएमआर, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बीचे टायटर (प्रतिकारशक्तीची रक्ततपासणी), टीडॅप लस, टीबीची रक्ततपासणी, फिट टेस्ट (मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का ही तपासणी), शारीरिक तपासणी, फ्लूच्या लसीची नोंद. बीएलएस आणि एसीएलएस या जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणांच्या कार्डांची मुदत दोन वर्षांची, फिट टेस्ट दरवर्षी. मुदतीची तारीख फाइलच्या नावातच लिहिली की शोधावं लागत नाही. नर्सिस या नर्सिंग लायसन्सच्या संकेतस्थळावर ई-नोटिफाय फुकट आहे, लायसन्सच्या नूतनीकरणाची आठवण तिथून येते. आणि या रुग्णालयातल्या चार्ज नर्सकडून रेफरन्स शेवटच्या आठवड्यात नाही, सहाव्या आठवड्यात घ्यायचा. शेवटच्या आठवड्यात त्या रजेवर असतात, किंवा युनिटच्या मॅनेजर बदललेल्या असतात.

सप्टेंबरसाठी सिस्टरांनी दोन्ही रिक्रूटरना एकच कोष्टक पाठवलंय, ज्यात रुग्णालय, तासाचा करपात्र दर, दोन्ही स्टायपेंड वेगवेगळे, ओव्हरटाइम डॉलरमध्ये, रद्द शिफ्टची मर्यादा, विमा सुरू होण्याची तारीख आणि ओरिएंटेशनची तारीख एवढे रकाने आहेत. साप्ताहिक एकूण रकमेचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही; ती बेरीज त्या स्वतः करतात. शहराच्या रकान्यात कोलंबस नाही.